जामीनदारांच्या वकील मॅडम: आमच्या तालुका कोर्टातला अनुभव (5 पैकी 4 स्टार)

आधी स्टार सांगून टाकतो, चार. पाचवा का कापला ते खाली येईलच. रिव्ह्यू आहे सातारा जिल्ह्यात एका तालुक्याच्या कोर्टात प्रॅक्टिस करणाऱ्या वकील मॅडमचा. नाव टाकत नाही कारण त्यांनीच बजावलंय, वकिलाला जाहिरात करायला बार कौन्सिलची बंदी असते, तुम्ही मनापासून कौतुक केलं तरी लोक म्हणणार बाईनीच लिहून घेतलंय. ज्याला खरंच गरज आहे त्याने कोर्टासमोरच्या झेरॉक्सवाल्याला विचारावं, जामीनदारांच्या मॅडम म्हटलं की तो न बोलता जिना दाखवतो.

हो, जामीनदारांच्या. आरोपीला वकील असतो, फिर्यादीच्या बाजूने सरकारी वकील असतो, पण जो माणूस नात्याखातर सातबारा घेऊन मध्ये सही करतो त्याचं कुणीच नसतं, आणि आरोपी पळाला की पहिली नोटीस त्यालाच येते. पळणाऱ्याचा पत्ता कोर्टाला सापडत नाही, जामीनदाराचा मात्र गट नंबरासकट फाईलला लावलेला असतो.

आमची केस थोडक्यात. माझा मामेभाऊ आधी उसाचा ट्रॅक्टर चालवायचा, मग मुकादमकीत पडला. ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, वाहतूकदार हंगामाच्या आधी मुकादमाला लाखांत उचल देतो, मुकादम ती कोयत्यांना वाटतो (कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी), आणि हंगाम सुरू झाल्यावर टोळी आलीच नाही तर उचल बुडते आणि भांडण सुरू होतं. 2022 ला तेच झालं. वाहतूकदाराने केस घातली, फसवणूक आणि विश्वासघात, म्हणजे तेव्हाचं 420 आणि 406. अटक झाली, मग जामीन मिळाला, 25,000 चा जातमुचलका (मुचलका म्हणजे हजर राहीन, नाहीतर एवढी रक्कम भरीन असं लिहून दिलेलं हमीपत्र, जात म्हणजे स्वतःचा) आणि तेवढ्याच रकमेचा एक लायक जामीनदार. लायक म्हणजे मी. मामी दारात येऊन बसली, मामा नाहीत, धाकटा परदेशात नाही की काही नाही, पण त्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, मग कोण राहिलं. सातबारा, आठ अ, आधार, फोटो, आणि याआधी किती जणांना जामीन राहिलाय त्याचं शपथपत्र, एवढं दिलं की झालं. बाहेरच्या जिल्ह्यातला जामीनदार आणला की कोर्ट अजूनही नाक मुरडतं म्हणतात, वास्तविक 1978 सालीच मोतीराम नावाच्या मध्य प्रदेशातल्या गवंड्याच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने यावर कान उपटले होते, त्याच्या भावाचा जामीन दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला होता आणि रक्कम होती 10,000, न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी ती 1,000 वर आणून त्याच्या स्वतःच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, ही सगळी माहिती नंतर मॅडमच्या ऑफिसात बसून मिळालेली आहे, आणि ऑफिसात बसायला वेळ भरपूर मिळतो, तेही खाली येईल.

पहिली दोन वर्षं पाहुणा, म्हणजे हाच मामेभाऊ, तारखांना जायचा. मग त्याच्या आधीच्या वकिलाने सांगितलं म्हणे की प्रत्येक तारखेला यायची गरज नाही, मी गैरहजेरी माफीचा अर्ज देतो. हे वाक्य तालुका कोर्टात इतक्या लोकांनी ऐकलेलं असतं की त्याचा बोर्ड करून लावायला हरकत नाही. अर्ज किती दिले, कधी दिलेच नाहीत, ते देवाला माहीत. 2024 च्या हंगामाला पाहुणा कर्नाटकात बेळगाव भागातल्या कारखान्यावर गेला आणि फोन बंद. इकडे तारखेला पुकारा झाला, नाही, पुढच्या तारखेला पुकारा, नाही, मग जामीनपात्र वॉरंट, मग नॉन बेलेबल, ज्याला कोर्टात सगळे एनबीडब्ल्यू म्हणतात. मला हे कळलं ई-कोर्ट्सच्या ॲपवरून. त्या ॲपला वेगळे पाच स्टार द्यायला पाहिजेत. केसचा 16 अक्षरी सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख, मागच्या तारखेला काय झालं, सगळं दिसतं, फुकट. नंबर नसेल तर नावावरून पण सापडतं. जामीन राहिलेल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये ते पाहिजेच.

मग नोटीस आली. भाषा अशी की वाचून तोंडाला कोरड पडते. तुम्ही जामीन दिलेला आरोपी हजर राहिला नाही सबब मुचलका जप्त झाला आहे, 25,000 दंड का वसूल करू नये याचं कारण दाखवा. त्यात आमच्या सोसायटीच्या पीककर्जाचं नवं-जुनं त्याच महिन्यात. मी घाबरून एका ऑनलाइन सल्ल्याच्या वेबसाईटवर 499 भरले, नाव नाही घेत, तिथे समोरच्या साहेबांनी सांगितलं तुम्हाला जेल होऊ शकते, कलम 229अ लागतं, आमचं पॅकेज घ्या. जामीनदाराला 229अ! ते कलम पळणाऱ्या आरोपीसाठी आहे, जामीनदारासाठी नाही, आणि तेही जुन्या आयपीसीतलं, म्हणजे भारतीय दंड संहितेतलं. पण त्या रात्री मला कुठे माहीत होतं, मी आणि बायको दोघं जागेच.

आता मॅडमकडे येतो. ऑफिस पहिल्या मजल्यावर, लाकडी बाकडं, भिंतीला कपाटं, एक कारकून आणि एक ज्युनियर मुलगी. पहिल्या भेटीत त्यांनी मला एकही कलम सांगितलं नाही. विचारलं फक्त, नोटीस कोणत्या तारखेची, पाहुणा कुठाय हे तुम्हाला माहितीये का, आणि खरं सांगा, तुम्हाला पैसे वाचवायचेत का पाहुण्याला वाचवायचंय. मी म्हटलं दोन्ही. तर म्हणाल्या, मग दोन वकील लागतील. "मी तुमची वकील. त्याचं आणि तुमचं हित आता एक राहिलेलं नाही, उद्या मला कोर्टात म्हणावं लागलं की या माणसाने सगळं केलं तरी आरोपीच नालायक निघाला, तर ते मी त्याची वकील असताना कसं म्हणू?" माझ्या अख्ख्या आयुष्यात कुठल्या धंदेवाल्याने समोरून येणारं गिऱ्हाईक असं अर्धं परत पाठवलेलं मी पाहिलं नव्हतं. अर्धा स्टार इथेच वसूल.

दुसरं, नोटिशीला उत्तर लिहायच्या आधी त्यांनी रोजनाम्याची (प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद) नक्कल काढली. का, तर मुचलका जप्त झाल्याची नोंद न्यायाधीशांनी आधी करायला लागते आणि मग जामीनदाराला नोटीस, या दोन पायऱ्या वेगळ्या आहेत, कधी कधी पहिली पायरी कागदावर नसतेच. आमच्यात होती. पण हे बघणारा वकील आणि न बघता थेट "माफी असावी" लिहिणारा वकील यात फरक आहे की नाही.

मग त्यांनी जे समजावून सांगितलं ते मी लिहून घेतलं होतं, आणि हाच खरं तर रिव्ह्यूचा गाभा आहे कारण आमच्याकडे शिकलेल्या लोकांनासुद्धा हे माहीत नसतं. जामिनावरचा आरोपी गायब झाला की तीन वेगवेगळी खाती उघडतात आणि एकाचा हिशोब दुसऱ्यात वळता होत नाही.

पहिलं खातं मुचलक्याचं. केस 2022 ची, खटला जुन्या सीआरपीसीने, म्हणजे फौजदारी कामकाजाच्या कायद्याने सुरू झालेला, त्यामुळे कलम 446 (त्याच्या जागी आलेल्या नव्या बीएनएसएसमध्ये 491). आरोपीचा जातमुचलका पण जप्त आणि जामीनदाराचा पण. जामीनदाराने भरलं नाही तर दंडासारखी वसुली होते, म्हणजे कलेक्टरमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी पण करता येते, आणि तशीही झाली नाही तर दिवाणी कैद सहा महिन्यांपर्यंत. ऑनलाइनवाल्या साहेबांची "जेल" ती ही, पण ती सगळ्यात शेवटची पायरी, आणि मधली एक महत्त्वाची गोष्ट त्यांनी सांगितलीच नाही की कोर्टाला कारणं नोंदवून रकमेचा काही भाग सोडून देता येतो. जामीनदाराने काय धडपड केली हे तिथे मांडायचं असतं. मॅडमचं म्हणणं, उत्तरात रडगाणं नको, पुरावा पाहिजे.

दुसरं खातं नव्या गुन्ह्याचं. हे ऐकून मी खरंच दचकलो. जामिनावर सुटून योग्य कारणाशिवाय हजर न राहणं हा स्वतःच एक गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आयपीसीत हे 229अ म्हणून 2005 च्या दुरुस्तीने आलं, त्याआधी असं वेगळं कलमच नव्हतं, आता भारतीय न्याय संहितेत 269. मजा अशी की पाहुण्याची मूळ केस आयपीसीची, पण तो गैरहजर राहिला 1 जुलै 2024 नंतर, त्यामुळे पळण्याचा गुन्हा नव्या कायद्याचा. आणि या कलमात उलटं आहे, योग्य कारण होतं हे आरोपीनेच सिद्ध करायचं, सरकारने नाही. शिवाय कलमाखालीच लिहिलंय की ही शिक्षा मूळ गुन्ह्याच्या शिक्षेशिवाय जादा, आणि मुचलका जप्त करायचा अधिकार तो वेगळाच. समजा 420 मधून पाहुणा निर्दोष सुटला तरी 269 आपोआप जात नाही.

तिसरं खातं मूळ केसचं. एकदा मुचलका मोडला की तो रद्दच होतो, नुसत्या स्वतःच्या सहीवर परत सुटता येत नाही, नवीन जामीनदार लागतो, आणि एकदा पळालेल्याला कोर्ट सहजासहजी सोडत नाही. लोकांना वाटतं आरोपी सापडला नाही की केस डॉर्मंट फाईलला, म्हणजे बाजूला ठेवलेल्या केसेसमध्ये, जाते आणि विषय संपतो. डॉर्मंटला जाते हे खरं, पण आरोपी सापडण्याची आशा नसली तर साक्षीदारांच्या साक्षी त्याच्या गैरहजेरीत नोंदवून ठेवता येतात, मग तो दहा वर्षांनी सापडला आणि साक्षीदार मेला असला तर तीच साक्ष त्याच्याविरुद्ध वाचतात. आणि वॉरंटला एक्सपायरी डेट नसते, कोर्टाने रद्द करेपर्यंत किंवा बजावणी होईपर्यंत ते जिवंत. पाहुण्याच्या डोक्यात होतं हंगाम संपेपर्यंत वॉरंट शिळं होईल!

याच्या पुढची पायरी जाहीरनाम्याची. गावात चारचौघांत वाचून दाखवतात, घराच्या दाराला चिकटवतात, कोर्टात लावतात, कमीत कमी 30 दिवसांची मुदत, आणि त्यानंतरही आला नाही तर जुन्या कायद्यात 174अ, नव्यात 209, तीन वर्षांपर्यंत. खुनासारखा मोठा गुन्हा असून कोर्टाने फरारी घोषित केलं असेल तर सात वर्षांपर्यंत. आणि जानेवारी 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की 174अ हा स्वतंत्र गुन्हा आहे, जाहीरनामा नंतर उठला तरी तो गुन्हा उरतोच. नव्या कायद्यात फरारी घोषित झालेल्यावर तो नसताना पूर्ण खटला चालवून निकाल द्यायची पण सोय आलीय, पण ती दहा वर्षं आणि त्यावरच्या गुन्ह्यांना, आमचा विषय तिथपर्यंत जात नव्हता म्हणून मॅडमनी ते दोन वाक्यात उरकलं. मला हे आवडलं. काही वकील आपल्याला जे लागूच नाही ते सांगून जास्त घाबरवतात आणि मग फी सांगतात.

जाहीरनामा निघायच्या आत तो स्वतःच्या पायाने कोर्टात आला पाहिजे, एवढाच मॅडमचा सल्ला. पोलिसांनी उचलून आणलेला आरोपी आणि चालत आलेला आरोपी, दोघांचं कलम एकच, पण शिक्षा देताना न्यायाधीश बघतात वेगळं. आणि मला वेगळी तंबी, पाहुणा सापडला तर घरी ठेवून घ्यायचं नाही, वॉरंट असलेल्याला माहीत असून आसरा देणं हाही गुन्हा आहे. यातून नवरा-बायकोला सूट आहे. म्हणजे वहिनीने त्याला दडवलं तर चालतं पण मामीने, सख्ख्या आईने, दडवलं तर ती अडकू शकते. मी हे मामीला सांगितलं तर मामी म्हणाली कायदा करणाऱ्याला आई नव्हती काय. उत्तर माझ्याकडे नव्हतं, मॅडमकडे पण नव्हतं, त्या नुसत्या हसल्या.

शोधायचं काम लांबलचक आहे ते इथे सांगत बसत नाही. वहिनीच्या भावाकडून नंबर मिळाला, कारखान्याच्या तळावर जाऊन त्याला गाठला, तो आधी चिडला, मग रडला, मग म्हणाला दादा, उचल फिटल्याशिवाय मला सोडणार नाहीत. म्हणजे बघा, एक उचल बुडवली म्हणून केस, ती केस लढायला दुसरीकडून उचल, आणि ती फेडायला केसच्या तारखा बुडवल्या. पळाला म्हणजे मजा मारायला पळाला असं नेहमी नसतं. पण कोर्टाला हे योग्य कारण वाटेल का, तर मॅडमचं सरळ उत्तर, नाही, फार तर शिक्षा ठरवताना थोडं वजन पडेल. मी पण मनातून त्यांच्याच बाजूचा. फोन बंद ठेवायला कुणी सांगितलं होतं?

मॅडमनी माझ्याकडून जपून ठेवायला लावलं ते असं: बसची तिकिटं, त्याला पाठवलेले मेसेज, पोलीस स्टेशनला मी दिलेला अर्ज की आरोपी अमुक भागात असल्याचं समजलंय आणि मी आणायला जातोय, त्यावर पोच. त्या वेळी वाटलं ही बाई कागदांच्या मागे वेडी आहे. पुढे उत्तराला हेच सगळं जोडलं.

हजर व्हायच्या दिवशी सकाळी अकराच्या आत कोर्टात. पाहुण्याचा स्वतःचा वकील एव्हाना फोन उचलायचा बंद झालेला. अर्ज दिला गेला, वॉरंट रद्द करून जामीन परत द्यावा. न्यायाधीशांनी रोजनामा चाळला, सरकारी वकिलांनी विरोध केला, फिर्यादीचे साक्षीदार दोनदा येऊन परत गेलेत हे त्यांनी मुद्दाम सांगितलं, आणि कोर्टाने अर्ज नाकारून पाहुण्याला आत पाठवलं. मामी तिथेच मटकन बसली. मला वाटलं मॅडमने फसवलं, आपणच आणून दिला आणि आपल्यासमोर आत गेला. पण त्यांनी आदल्या दिवशीच सांगितलेलं होतं, काही दिवस आत जाऊ शकतो, गोड बातमी देणाऱ्या वकिलाकडे जायचं असेल तर आत्ताच जा. हे दिवस वाया जात नाहीत, पुढे मूळ केसमध्ये शिक्षा झालीच तर वजावट मिळते, ते पण सांगितलं होतं. आणि कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा, देशभराचा हेल्पलाइन नंबर 15100. पाहुण्याला असा वकील मिळाला, तरुण पोरगं, पण जीव लावून काम केलं. फुकटचा वकील म्हणजे कामचलाऊ असं समजणाऱ्यांनी एकदा अनुभव घ्यावा. त्यानेच नंतर दुसऱ्या अर्जावर जामीन मिळवला, रक्कम दुप्पट आणि दर आठवड्याला पोलीस स्टेशनला हजेरी. जामीनदार मी नाही, वहिनीचा भाऊ.

माझ्या नोटिशीचं पुढे काय झालं? मॅडम जास्त बोलल्या नाहीत. कागद एकेक दाखवले आणि म्हणाल्या, जामीनदाराने आरोपीला आणण्याचं काम केलंय, आरोपी कोर्टात आहे, मुचलक्याचा हेतू साध्य झालाय. न्यायाधीशांनी विचारलं, नोटीस येईपर्यंत हे काय करत होते? मॅडमनी ई-कोर्ट्सचा विषय काढला नाही, शहाणपणाचं केलं, कारण मी वॉरंट बघूनही आधी नुसताच फोन लावत बसलो होतो. शेवटी 25,000 पैकी 8,000 भरायचे, बाकी माफ. 8,000 काही कमी नाहीत, सोयाबीनच्या भावात हिशोब केला तर पोटात दुखतं, पण मी पूर्ण रकमेची तयारी ठेवली होती.

आता 269 चा निकाल, ज्याबद्दल गावात सगळ्यात जास्त चर्चा झाली. कोर्टाच्या आदेशावरून पोलिसांनी वेगळा गुन्हा नोंदवला होता. विधी सेवेच्या वकिलाने पाहुण्याला दोन्ही बाजू सांगितल्या, गुन्हा कबूल केला तर लवकर संपेल, पण कबुली म्हणजे दोषी ठरणं, उद्या पोलीस व्हेरिफिकेशनला, पासपोर्टला ते दिसणार, आणि 420 च्या खटल्यात फिर्यादीचा वकील त्यावर बोट ठेवायला बघणार. पाहुण्याने कबूल केला. शिक्षा झाली कोर्ट उठेपर्यंत कैद आणि 2,000 दंड. म्हणजे संध्याकाळी न्यायाधीश उठेपर्यंत कोर्टात बसून राहायचं, तीही कायद्याने कैदच. गावात एकच हशा. एक वर्षाची शिक्षा असणारं कलम आणि पाहुणा बाकड्यावर बसून आला.

बघा, पळाला तो, त्याला 2,000. सही केली मी, मला 8,000. हे मी मॅडमना जरा रागानेच म्हटलं. त्या म्हणाल्या तुमचे 8,000 ही शिक्षा नाही, तुम्ही शब्द दिला होता त्याची किंमत आहे, आणि तो आत राहून आला ते विसरू नका, शिवाय त्याच्या नावावर आता दोषी हा शिक्का आहे, तुमच्या नावावर काही नाही. पटलं, पण पूर्ण पटलं नाही. मला अजून वाटतं की पळण्याच्या शिक्षेला काहीतरी ठरलेलं माप पाहिजे. आपल्याकडे कलमात फक्त वरची हद्द आहे, एक वर्ष, खाली काहीच नाही, आणि मधलं सगळं त्या त्या न्यायाधीशावर, एका कोर्टात बाकड्यावर बसवतील तर दुसऱ्यात सहा महिने देतील. इंग्लंडात 1976 च्या बेल ॲक्टखाली हाच गुन्हा आहे, खालच्या कोर्टात तीन महिन्यांपर्यंत, क्राऊन कोर्टात बारा महिन्यांपर्यंत, पण तिथे सेंटेन्सिंग कौन्सिलने यासाठी वेगळी गाईडलाइन काढून ठेवलीय, मुद्दाम पळाला का निष्काळजीपणा झाला, खटल्याचं किती नुकसान झालं, स्वतः आला का, असं बघून कुठल्या पट्ट्यात बसतो ते ठरवतात. मॅडमना हे विचारलं तर म्हणाल्या, आमच्याकडे पण हेच बघतात, फक्त लिहिलेलं नसतं. लिहिलेलं नसलं तर माझ्यासारख्याने पाहुण्याला सांगायचं काय, ये रे, बहुतेक बाकड्यावर भागेल? का ये रे, बहुतेक सहा महिने? माणूस येतो का न येतो ते यावरच ठरतं ना राव.

तरी एक कबूल करतो, तो जाहीरनाम्यानंतर पकडून आणला असता तर बाकड्यावर भागलं नसतं. निकालपत्रात स्वतःहून हजर झाल्याचा उल्लेख स्पष्ट आहे.

आता तक्रारी. पहिली फी. आकडा सांगितला 7,000 आणि तो बरोबर होता, पण "खर्च वेगळा" हे दोन शब्द नंतर आले. नक्कल, स्टॅम्प, टायपिंग, शपथपत्र, कारकुनाचा चहा, हे सगळं मिळून चांगलंच झालं आणि पावती मागितली तेव्हा डायरीच्या पानावर लिहून दिलं. फी वसूल आहे, पण पहिल्याच दिवशी एका कागदावर सगळं मांडायला काय हरकत आहे.

दुसरी, वेळ. साडेपाचला या म्हणतात आणि सात वाजता नंबर लागतो. फोन तर उचलतच नाहीत, ज्युनियर मुलगी उचलते, ती हुशार आहे पण तिला विचारलेलं प्रत्येक उत्तर "मॅडमना विचारून सांगते". ज्या दिवशी पाहुणा आत गेला त्या रात्री मला दोन वाक्यं ऐकायची होती, फोन लागला दुसऱ्या दिवशी दुपारी. घाबरलेल्या माणसाला रात्र फार मोठी असते, पाचवा स्टार मुख्यतः या रात्रीचा गेलेला आहे.

तिसरी किरकोळ. बसायच्या बाकड्यावर पंखा नाही आणि खाली गाडी लावायला जागा नाही, पोलीस जामर लावतात, मला लावला.

आणि एक गोष्ट जी त्यांनी फुकटात सांगितली, तीच मला आधी कुणीतरी सांगायला पाहिजे होती. जामीन राहिल्यावर आरोपीची लक्षणं बिघडायला लागली की जामीनदाराला कधीही कोर्टात अर्ज देऊन स्वतःला मोकळं करून घेता येतं, जुन्यात 444, नव्यात 489. कोर्ट मग आरोपीला वॉरंट काढून आणतं, तुमचा मुचलका रद्द करतं आणि त्याला दुसरा जामीनदार बघायला सांगतं. दोन तारखा चुकल्या की हा अर्ज टाका, नात्यात कडूपणा येईल, येऊ दे. मामी माझ्याशी अजून नीट बोलत नाही ती मी त्याला आणून दिला म्हणून, अर्ज दिला असता तरी बोलली नसती.

कुणाला जमतील या मॅडम: ज्याला नोटीस आलीय, ज्याचा पाहुणा, मित्र, भागीदार तारखा चुकवतोय, ज्याला खरं ऐकायची तयारी आहे. कुणाला जमणार नाहीत: "मॅडम, साहेबांशी बोलून मिटवा" म्हणणाऱ्यांना. माझ्यासमोर एकाला उठवून बाहेर काढलं. खोटे कागद लावून भाड्याने जामीन राहणारे जे असतात तसला माणूस पाहिजे होता त्याला, जिन्यावरून उतरेपर्यंत बाईंचा आवाज ऐकू येत होता.

जाताना सोबत न्या: नोटीस पाकिटासकट (पाकिटावरची तारीख लागते), जामिनाच्या वेळी दिलेल्या कागदांच्या झेरॉक्स, सीएनआर नंबर, आणि आरोपीशी झालेले सगळे मेसेज डिलीट न करता. शनिवारी सकाळी गर्दी कमी असते. गाडी एसटी स्टँडला लावा आणि चालत जा.